आकारामचा पातळ आहार

आकाराम नियम मोडायचा नाही, त्याला वळसा घालायचा. नृसिंहवाडीला जाऊन देवापुढं एक पदार्थ कायमचा सोडायची वेळ आली, तेव्हा या गड्यानं कारलं सोडलं. कारलं त्याच्या घशाखाली कधी उतरलंच नव्हतं. तीस वर्षं गंगावेशीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढणारा हा माणूस दुधात पाण्याचा थेंब घालायचा नाही. स्वतःच्या पथ्यात मात्र भेसळ चालायची.

वर्षभर त्याच्या आतड्याला सूज होती. डॉक्टर तेजस्वीबाईंनी दुर्बीण घालून तपासणीसाठी आतले दोन-तीन तुकडे काढले आणि बजावलं, "आज फक्त पातळ घ्या. संडासात लाल दिसलं तर तडक इकडं या."

घरी बायको, विठाबाई, पेज शिजवत होती. तोवर हा शेजारच्या विजयसिंहाकडं आषाढातल्या जत्रेच्या जेवणाला पोचलाही. मटणाला हात लावला नाही. तांबडा रस्सा मात्र वाटीमागून वाटी ओढला.

"डॉक्टरच म्हणल्यात, पातळ घ्या. ह्यापरीस पातळ काय असतंय?"

सकाळी संडासात लाल दिसलं. दुसरा कुणी हादरला असता. हा गालात हसला. रस्साच तो, दुसरं काय! पण दुसऱ्या दिवशीही लालच, तेव्हा मात्र त्याला रस्स्याचा हिशेब लागेना. सांगायचं कुणाला? रक्ताचं नाव काढलं की विठाबाई रस्सा हुडकून काढणार, आणि तिच्या तोंडाला तो मरणापेक्षा जास्त भ्यायचा. तिसऱ्या दिवशी धार काढता काढता म्हशीच्या पायाशीच कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "लाल कधीपासून दिसतंय?"

विठाबाई उशाशीच उभी होती. आकारामनं डोळे मिटले आणि रस्स्यासकट सगळं सांगून टाकलं. लगेच पुन्हा दुर्बीण घातली, रक्त चढवलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, "रस्स्यानं रक्त येत नाही, काका. तुकडा काढला तिथूनच वाहत होतं. आता चिमटा लावून थांबवलंय. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर ही पाळी आली नसती."

आकारामचा चेहरा खुलला. "म्हंजे रस्स्याचा काय गुन्हा न्हाय की!"

आता तोफ सुटणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पण विठाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"मराय टेकलासा, तरी मला सांगाय भ्यालासा. आवं, एवढी वाईट हाय व्हय मी?"

'न्हाय' म्हणायचं होतं. पण तेवढंही बोलायला आकाराम जरा भ्यालाच.