वहीतलं नाव

दीपनगरला कामाला येऊन महिनाच झाला होता. तळ्याकाठी दुर्बीण घेऊन बसलेल्या एका अनोळखी आबांनी मला हाक मारली. रुमालानं काच पुसून दुर्बीण माझ्या हातात दिली. लांब, लाल पायांचा पक्षी दिसला.

"तुमनाकडे याले काय म्हंतस, भाऊ? सांगा, लिखी लेस."

मी सातवीत शाळा सोडलेला. मला कुणी काही विचारून लिहून घेत नाही. नाव माहीत नव्हतं, पण तसं सांगवेना. घाबरून बोलून गेलो, "कुंकूपाय्या."

आबा हरखले, वहीत नाव लिहून घेतलं. "वा! बठ्ठासले सांगसू!" म्हणजे आता सगळ्यांना सांगणार.

खरं सांगावं, की त्यांचा आनंद राहू द्यावा?

"नाव कोनी शिकाडं?"

"आईनं," मी म्हणालो.

त्यांनी तेही लिहिलं.