वरचे दात आधी

मी गवंडी. शाळा चौथीतच सुटली. पण मी बांधलेली भिंत कधी फुगली नाही, आणि घरात माझा शब्द कधी कुणी मोडला नाही. या दुसऱ्या गोष्टीचा मला लय तोरा होता.

लेक घोटीला दिलेली. तिची पोरगी महिनाभर आधीच जन्मली. अकरा महिने झाले तरी तोंडात दात नाही. मी म्हणायचो, तिकडचं पाणीच तसलं. मग एकदम दोन आले, तेही वरचे. खाली नुसती हिरडी.

वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात, असं आमच्याकडे मानतात. मामा म्हणजे माझा एकुलता एक मुलगा. मी फोनवरच सांगून टाकलं, खालचे दात येईपर्यंत मामाने भाचीचं तोंड पाहायचं नाही.

लेक म्हणाली, "आबा, मी डॉक्टरांना विचारलं. दात आईबापाच्या वळणावर जातात. लवकर जन्मलेल्या लेकरांना उशीर होतो. वरचे आधी आले तरी काय बिघडत नाही."

"डॉक्टरने त्याच्या घरच्या मामांचं बघावं."

मुलगा हसला. "दोन दातांना एवढे भ्यायला लागले आबा?" पण त्याने ऐकलं. तो द्राक्षांची गाडी घेऊन वाशीला जायचा, घोटी वाटेतच. आधी दर खेपेला भाचीला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवायचा. आता बहिणीच्या दारापुढे गाडी लावायचा आणि सीटवर बसूनच चहा प्यायचा. गाडीचा आवाज ओळखून पोरगी आतून हाका घालायची. कप परत देऊन तो निघायचा. हे मला लेकीने नंतर सांगितलं.

दीड महिना असा गेला. खालचे दात काही आले नाहीत. मग एका पहाटे कसारा घाटात धुक्यात त्याची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. तो जागीच गेला.

तेराव्याला ओट्यावर बायका बोलत होत्या. "भाचीचे वरचे दात आधी आले ना. खाल्लं मामाला." लेक पोरीला मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. मी पाण्याची टाकी बघायला उठलो.

त्या दिवशी सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "लेकीचेपण वरचेच आधी आले होते. तुम्ही तेव्हा कामाला सुरतेला होते. तिचा मामा, माझा भाऊ, अजून हरसूलला भात लावतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार."

लेक त्यानंतर माहेरी आली नाही. चार महिने वाट पाहून मीच बसने घोटीला गेलो. जावयाने पाणी दिलं. आतल्या खोलीत नात चालत होती, तिचे पैंजण वाजत होते.

"पोरीला आण की बाहेर," मी म्हणालो.

लेक दारातच उभी राहिली. "तिचे दात तेच आहेत, आबा."

चूक माझी होती, पोरीची नाही, एवढंच सांगायला मी गेलो होतो. बसमध्ये मनातल्या मनात दोनतीनदा म्हणूनही पाहिलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"खालचे आले का?"

तिने आत जाऊन कडी लावली.