कोंबड्यांची खिडकी

माझं माहेर खोपोलीत, शिळफाट्यावर. घराच्या सगळ्या खिडक्या रस्त्याकडे, त्यामुळे धूळ, हॉर्न आणि टेंपोवाल्यांच्या शिव्या थेट ताटापर्यंत यायच्या. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, “पोशीरला शेती आहे, मोकळी हवा मिळेल.” मिळाली. घराबाहेर.

सासरच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच होती. सासरे गेल्यावर घराची वाटणी झाली. आम्ही एका भागात, धाकटा दीर आणि जाऊ दुसऱ्यात. भांडण झालं नाही याचं गावात कौतुकही झालं. फक्त अंगणातली हद्द अशी पडली, की आमची खिडकी दिराच्या वाट्याच्या अंगणात उघडायला लागली. आमच्याकडे बांध कोरला तर लोक दोन पावसाळे बोलत नाहीत. दुसऱ्याच्या अंगणात खिडकी उघडणं त्याहून वाईट. आज खिडकी, उद्या पायरी, परवा दार, असा त्याचा अर्थ लावतात. मी एका लग्नासाठी माहेरी गेले होते. परत आले तर खिडकीच्या जागी विटा. यांनी स्वतः रचल्या होत्या, वर गिलावाही केला होता.

“भावकीत वाद नको,” हे म्हणाले. दिराने हरकत घेतली असणार, असं मी समजले. वाटणीच्या गोष्टी सुनांनी काढायच्या नसतात, हे मला सासूने पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे दिराला मी विचारलं नाही. यांना मात्र दर शिमग्याला विचारायचे, की दुसऱ्या भिंतीला तरी खिडकी काढा. दुसऱ्या भिंतीपलीकडे माळ्यावर जायचा जिना होता. हे जिन्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “बघू.”

घरात गॅस आहे. पण यांना तांदळाची भाकरी चुलीवरचीच लागते. धूर दारातून जायचा, त्याच्या सवडीने. दिवसाही बल्ब लावावा लागे, आणि बल्ब धुराने इतका पिवळा झालेला, की पीठ आणि बेसन एकाच रंगाचं दिसायचं. हे नोकरीला भिवपुरीच्या पॉवरहाउसात. तिथून मुंबईला वीज जाते म्हणतात. घरोघरी मातीच्या चुली, असंही म्हणतात. खिडक्यांबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

मला खोकला लागला. यांनी सांगितलं, हळदीचं दूध घे. मी घेतलं. खोकलाही राहिला, हळदही संपली.

मग हे रिटायर झाले आणि यांनी गावठी कोंबड्या आणल्या. परसात विटांचं खुराडं बांधलं, वर पत्रा टाकला. आठवड्याभरात मुंगसाने एक कोंबडी नेली. यांनी चिडून खुराड्याची फट न्‌ फट सिमेंटने बुजवली. भोकं बुजवण्यात यांचा हात बसलेलाच होता.

थोड्याच दिवसांत कोंबड्या शिंकायला लागल्या. मी आधी विश्वास ठेवला नाही, पण कोंबडी शिंकते, आणि शिंकल्यावर स्वतःच दचकते. अंडीही कमी झाली. यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. गुरांच्या डॉक्टरांना फोन झाला. मोबाइलवर कोंबड्यांचे व्हिडिओ सुरू झाले. एका सकाळी यांनी खुराड्याच्या दारातून डोकं आत घातलं आणि पुरता श्वास घेतला. बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अगं, आत जीव गुदमरतो! शिटेचा वास असा डोळ्यांत जातो ना! आनि उजेड तर नायच. कशा ऱ्हात असतील बिचाऱ्या?”

मी तेव्हा चुलीपुढून उठून आले होते. हातात फुंकणी होती. डोळ्यांतून माझ्याही पाणी वाहत होतं.

“काय की बाई,” मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात हवेवर बोलणं सुरू झालं. गरम हवा वर जाते, म्हणून वर पत्र्याखाली झरोका हवा. ताजी हवा खालून यायला हवी, पण झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा लागता कामा नये. पत्र्याचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक पत्रा टाकायचा, म्हणजे उजेड पडेल. उजेड नसेल तर कोंबडी अंडी कमी देते. हे सगळं यांनी मला जेवताना समजावून सांगितलं, पिवळ्या बल्बखाली बसून. मी वाढत होते. अंधारात बाई भाकऱ्या तेवढ्याच देते, म्हणून तिच्यावर व्हिडिओ निघत नाहीत.

राग आला होता का? आला होता. इतका, की आमटीत मीठ दोनदा पडलं. यांनी तेही खाल्लं आणि हवेवर बोलत राहिले.

खुराड्याच्या एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला पेंढ्याची उडवी, पुढे दार. झरोके काढायला बाजू उरली ती एकच, मागची, दिराच्या अंगणाची. यांनी क्षणभरही विचार केला नाही. छिन्नी-हातोडा घेऊन ठोकायला लागले. पहिली वीट पलीकडे पडली तसा दीर बाहेर आला. मी चुलीवरची भाकरी तशीच टाकून परसात गेले. म्हटलं, आता वाद होणार, आणि तो कोंबड्यांवरून होणार.

दिराने वाकून भोकातून आत बघितलं. मग म्हणाला, “दादा, जाळी बारीक लाव रं. नायतर मुंगूस हात घालंल.” आत गेला आणि स्वतःच्या घरातली उरलेली जाळी घेऊन आला. एवढंच नाही, तर पलीकडून ती ताणून धरायलाही उभा राहिला.

सासूचा नियम माझ्या ध्यानात होता. पण जळणाऱ्या भाकरीचा वास परसापर्यंत आला होता, आणि मला खोकल्याची उबळ आली होती. ती ओसरल्यावर मी विचारलं, “भावजी, कोंबड्यांची खिडकी तुमच्या अंगणात उघडलेली चालते?”

“चालते की वैनी. कोंबड्या काय माजं नेतात?”

“मग माझी का नाय चालली?”

दिराच्या हातून जाळी सुटली. “मी कदी नको बोललो? एक दिवस बगतो तर विटा. मला वाटलं, तुमालाच आमची तोंडं बगायची नायत. म्हनून आमी पन त्या बाजूला येनं सोडलं.”

आम्ही दोघांनी यांच्याकडे पाहिलं. हे जाळीचा खिळा फार काळजीने ठोकत होते. खिळा केव्हाच आत गेला होता.

“कुनी बोलायच्या आदी आपनच बंद केलेली बरी, असं वाटलं,” हे खिळ्याला म्हणाले.

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. कुणीही न मागितलेल्या विटांसमोर मी इतकी वर्षं खोकत बसले होते. मी सरळ आत गेले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि गिलाव्यावर घातली. एक टवका उडाला. दुसऱ्या घावाला हे मागून आले आणि म्हणाले, “दे इकडं. विटा पायावर पडतील.”

“पडू दे,” मी म्हटलं. पण पहार दिली. पाय मला अजून लागणार होते.

बाहेरून दिराने मदत केली. जावेने पाट्या भरभरून विटा उचलल्या. जुनी चौकट गजांसकट आत तशीच होती. ऊन आत आलं ते समोरच्या भिंतीवर पडलं. ती भिंत काळी आहे, हे मला माहीत होतं. यांना माहीत नव्हतं. हे तिला बोट लावून, बोट बघत उभे राहिले. मी हात धुतले, जळकी भाकरी म्हशीच्या घमेल्यात टाकली आणि नव्याने पीठ मळलं.

दुपारी हे जेवायला बसले. ताटातली भाकरी उचलून उजेडाकडे धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

“आज भाकरी काय पांढरी झालीय गं!”

“रोज अशीच असते,” मी म्हटलं. “आज दिसली.”