कोरड्या पायांनी घारापुरी

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते माझ्या मामीचे. आईवडिलांमागे तिने मला वाढवले, शिकवले. कृष्णेच्या पुरात मामा वाहून गेले, तेव्हापासून पाण्यावरचा तिचा विश्वास उडाला होता.

घराण्यातला पहिला पदवीधर मी. मुंबईत होणाऱ्या पदवीदानाला मामी समोर बसलेली हवी होती. गावी गेलो तेव्हा ती म्हणाली, "चारी अंगानं पानी असल्या गावात मी न्हाई यायची. तू आदी समिंदर वलांडून कोरड्या पायानं माघारी ये, मग बघू."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सभा नसलेला एक रविवार गाठून आमची घोडपदेवची चाळ लाँचने घारापुरीला निघाली. बेटाजवळ पोचलो तर ओहोटी! लाँच अलीकडेच थांबली. पुढे गुडघाभर चिखल. सगळे उतरले, मी हलेना.

"बीए झालंस आणि चिखलाक भियतंस?" शेजारचे मालवणी काका ओरडले. मी मामीची अट सांगितली. गिरणीतले अख्खे खाते सांभाळणारा तो धिप्पाड माणूस पाठ वाकवून म्हणाला, "बस पाठीर. मामीक सांग, घोडो मालवणचो होतो."

चाळीच्या टाळ्यांत मी काठावर उतरलो. तो दिवस काय सुखाचा गेला! लेण्यातल्या गारव्यात त्या तीन मुखांसमोर नुसते बसून राहिलो. झाडाखाली सुकट-भाकरी, वर ताडगोळे, मग सगळ्यांनी ताणून दिली. परतताना भरती होती, लाँच थेट धक्क्याला लागली होती. समुद्रातून अख्खी मुंबई दिसू लागली, तसे काका उभे राहून गरजले, "मुंबई कोणाची?" लाँच हादरली, "आमची!" माझा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता.

खोलीवर येताच पत्र लिहिले:

"ती. मामीस साष्टांग नमस्कार. समुद्र ओलांडून आलो. पाय कोरडे आहेत. खोटे कशाला सांगू, चिखलातून शेजारच्या काकांनी पाठुंगळी नेले. ते म्हणतात, मामी आल्या तर पालखी आणू. इथले पाणी माणसे नेते खरे, पण संध्याकाळी परत आणून सोडते. पदवीदानाला तुझी खुर्ची पुढच्या रांगेत धरतो. आता तू ये."