काकांना तिकडे काय म्हणतात

फ्रेमवाल्या काकांनी स्पॅनिशचा क्लास लावला, तेव्हा इमारतीला चघळायला आयता विषय मिळाला. ज्या माणसाचं एरवीचं बोलणं "काच साधी की बिनचकाकीची?" एवढ्यावर आटोपतं, तो सातासमुद्रापलीकडची भाषा बोलायला निघालेला! तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी तर जिन्यातच गाठलं.

"काय काका, या वयात कुठली मड्डम गटवलीत?"

काका लाजले. साठी उलटलेला ब्रह्मचारी लाजला की आधी कान लाल होतात, मग चष्मा उगाचच पुसला जातो. तो पुसत ते म्हणाले, "मड्डमच आहे. चार वर्षांची."

ती त्यांच्या पुतण्याची मुलगी. भाऊ-भावजय एका अपघातात एकदमच गेले, तेव्हा पुतण्याला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. काकांनी त्याला वाढवलं. डबे भरले, ताप काढले, शाळेच्या पालकसभेला लहान बाकांवर गुडघे दुमडून बसले. त्या धांदलीत स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. पुतण्या शिकला, परदेशी गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून तिथलाच झाला. त्यांच्या घरात बोलणं चालतं ते स्पॅनिशमध्ये. पोरीला मराठीचा गंधही नाही. "दोन दोन भाषांत गोंधळेल रे ती, काका," पुतण्या म्हणाला होता. काकांना ते पटलं नव्हतं. पण पटलं नाही हे सांगायची सवय नव्हती.

दर रविवारी दुपारी फोनवर पोरगी दिसायची. काका काहीतरी बोलायचे, पुतण्या ते स्पॅनिशमध्ये सांगायचा, ती काहीतरी म्हणायची, पुतण्या ते मराठीत आणायचा, आणि येता येता त्यातलं अर्धं वाटेत सांडायचं. "काय म्हणाली?" "काही नाही रे, असंच." त्या 'असंच'मध्ये काय काय असेल, याचा विचार करत काका पुढचा आठवडा काढायचे.

मग एका रविवारी पुतण्या दार उघडायला उठला आणि ती दोघंच समोरासमोर राहिली. काकांनी छातीवर बोट ठेवलं. म्हणाले, "मी काका. का-का."

पोरीने डोळे विस्फारले. "काका?"

"हो! काका!"

आणि ती हसत सुटली. सोफ्यावरून खाली पडली, पोट धरून लोळली, परत वर आली, "काका!" म्हणाली आणि परत पडली. काकांना आयुष्यात इतकं कोणी हसलं नव्हतं. त्यांनी ही बातमी दूधवाल्यापासून वरच्या वकिलांपर्यंत सगळ्यांना पोचवली. "पोरीला माझा लळा लागलाय हो. नुसतं नाव ऐकलं तरी लोळते!" दुसऱ्याच दिवशी त्यांनी क्लासचे पैसे भरले.

क्लास दातांच्या दवाखान्यावर भरायचा. खालून ड्रिलचा आवाज, वर क्रियापदं. शिकवणारी मुलगी पुतण्यापेक्षा लहान. पहिल्याच दिवसापासून तीही त्यांना काकाच म्हणायला लागली. आधी नाती शिकवली, मग आयुष्याचे टप्पे. बाळ, मूल, तरुण, म्हातारा. अविवाहित म्हणजे सोल्तेरो, विवाहित म्हणजे कासादो. शेजारच्या बाकावरच्या निवृत्त बँकवाल्याने ते घाईत 'कान्सादो' म्हटलं.

"ते वेगळं. कान्सादो म्हणजे दमलेला," ती म्हणाली.

"मग मी बरोबरच बोललो की!" बँकवाला म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले, पण एक क्षण उशिरा. त्यांच्या वाट्याला सोल्तेरो आलं होतं, आणि दमले तर तेही होते.

शब्द घोटायला त्यांच्याकडे दुकान होतं. गिऱ्हाइकांनी न्यायच्या तयार फोटोफ्रेमा भिंतीला टेकून उभ्या असत. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं झालेलं बाळ, कुणाची गेलेली आई. काका फडक्याने काच पुसत आणि पुटपुटत: हा इहो, मुलगा; ही नुएरा, सून; ही आब्वेला, आजी. नातीला निएता म्हणतात हे कळलं तेव्हा ते हरखलेच. नात, निएता. म्हणजे पोरगी कुठे फार लांब गेलेली नाही! गिऱ्हाईक आलं की ते आपलं कुटुंब उचलून घेऊन जायचं. भिंत रिकामी व्हायची.

एका धड्यावर मात्र ते अडून बसले. "काका तिओ, मामाही तिओ? आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे तिओच? एकाच पोत्यात भरलं की हो सगळ्यांना!"

"इतकंच नाही काका, काही ठिकाणी तर मित्रालाही तिओ म्हणतात. आपण 'अरे बाबा' म्हणतो ना, तसं."

"छे. मग आपलं काकाच बरं. आमच्या पोरीला तेच आवडतं. नुसतं काका म्हटलं की हसून लोळते."

शिकवणारीने मान खाली घातली. खांदे हलायला लागले.

"काय झालं?"

"काका, रागावू नका. तिकडे लहान मुलं काका कशाला म्हणतात माहीत आहे? ते... शी."

"शी काय? काय वाईट आहे त्यात?"

"नाही, म्हणजे तेच. शी. सकाळची."

वर्गाचं छप्पर उडालं. काका सगळ्यांत मोठ्याने हसले. घरी आल्यावर मात्र शर्ट न बदलताच पलंगावर बसून राहिले. नवरा झाले नाहीत, बाप झाले नाहीत. अख्ख्या जन्मात एकच नातं नीट निभावलं, आणि ते त्या पोरीच्या घरात सकाळी पाणी ओतून घालवतात.

पुढच्या वर्गात त्यांनी हळूच विचारलं, वडिलांच्या काकाला काय म्हणतात. तिने फळ्यावर लिहिलं: तिओ आब्वेलो. काका-आजोबा. काका त्या दुसऱ्या शब्दाकडे बघत राहिले. आजोबा! कागदोपत्री म्हणा, उधारीवर म्हणा, पण आजोबा.

रविवारी ते धुतलेला शर्ट घालून बसले. पोरगी आली. तिला घरात समज दिलेली दिसत होती, हात मागे बांधून म्हणाली, "ओला, तिओ."

"तिओ आब्वेलो," काकांनी दुरुस्त केलं. उच्चार अगदी स्वच्छ.

तिने मान हलवली. "नो. एल आब्वेलो एस्ता आकी." आणि बोट दाखवलं. सोफ्याच्या टोकाला सूनबाईंचे वडील पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली करून काकांना सभ्यपणे हात हलवला.

पुतण्या सांगायला लागला, "ती म्हणतेय की..."

"कळलं," काका म्हणाले. आजोबा इथे आहेत. प्रत्येक शब्द कळला होता. पहिल्यांदाच वाटेत काही सांडलं नव्हतं.

पोरगी उठून गेली. कॅमेऱ्यासमोर सोफ्याचा दबलेला कोपरा तेवढा राहिला. "खेळतेय रे ती. ठेवू मग?" पुतण्या म्हणाला.

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि जिन्यातून हाक मारावी तसे ओरडले, "काका!"

आत धावती पावलं वाजली.

"काका, अरे काय हे! आत्ता कुठे ती ते विसरली होती!"

"काका!" काका आणखी जोरात ओरडले. पोरगी येऊन आदळली, नाक काचेला लावलं, "काका! काका!" करत किंचाळली आणि खाली लोळली. सूनबाई तोंडाला पदर नसल्याने उशी लावून हसत होत्या. काका ओरडत होते, ती ओरडत होती, आणि त्या गोंधळात तिकडून फोन कधी कट झाला, ते काकांना पटकन कळलंच नाही.

शिक्षिकाबाई धावत वर आल्या. दार उघडंच होतं. रिकाम्या खोलीत काका एकटेच फोनकडे बघून ओरडत होते.

"अहो काका! कोणाला हाका मारताय?"

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"मलाच," ते म्हणाले. "दुसरं कोण आहे?"