बिननावाचा सिनेमा

आमच्या सिनेमात एका कारकुनाचा मीपणा हळूहळू गळून पडतो. दिग्दर्शक डोंबिवलीचे, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, हौशी नाटकांत मुरलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मी कळव्याच्या एका क्लासमध्ये मराठी शिकवत होतो. घरातला पहिला पदवीधर, तोही तालुक्याच्या कॉलेजातला. अशा माणसाला सरांनी संवाद लिहायला दिले, याची जाण मला आजही आहे. त्या आनंदात मी गावी अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन करून सांगून बसलो की पडद्यावर माझं नाव येणार. अण्णा बसस्टँडच्या कँटीनमध्ये भजी तळतात. अक्षर अक्षर लावून वाचतात. त्यांनी एवढंच विचारलं, "मला वाचता येईल ना? भर्रकन जायला नको."

शेवटचं शूटिंग ठाकुर्लीच्या खाडीकाठी झालं. डास एवढे की ध्यानस्थ नायक सारखा समाधीतून उठून पोटऱ्या खाजवायचा. तिथेच वडापाव खाता खाता सर म्हणाले, "ज्या सिनेमात 'मी' विरघळतो, त्याच्या शेवटी नावांची रांग शोभते का? आपण कुणाचंच नाव घालायचं नाही."

सगळे भारावले. नायक तर सरांच्या पाया पडला. मीही टाळ्या वाजवल्या, आणि मग मला अण्णा आठवले.

पहिली अडचण पैसे घालणाऱ्या शेठची आली. ते कल्याणजवळच्या गावचे. भातशेतीच्या जागी आता त्यांचे टॉवर उभे आहेत. "माझं नाव नकोच बोललो मी," ते म्हणाले. "फक्त सुरुवातीला आमच्या आबांचा फोटो लावा, हार घातलेला. खाली आबांचं नाव, आणि त्यांचे चिरंजीव म्हणून मी." ही श्रद्धांजली असल्याचं सरांनी आम्हाला समजावलं.

नायिका भजनी मंडळातल्या होत्या. "मला मेली कसली हौस? पण पांढऱ्या विगमध्ये मी ओळखूच येत नाही. नणंदेला कळायला नको?" नणंदेसाठी त्यांचं नाव आलं. त्यांचं आलं म्हणून नायकाचं आलं. कॅमेरावाला म्हणाला, नाव नसेल तर लग्नाची कामंसुद्धा मिळायची नाहीत. ज्या सोसायटीत शूटिंग झालं तिथल्या चेअरमननी, सेक्रेटरीचं नाव नाही याची आधी खात्री केली आणि मग स्वतःचं पाठवून दिलं. सर मात्र शेवटपर्यंत अलिप्त राहिले. शेवटी म्हणाले, "एवढ्या लोकांची जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी." संकल्पना, पटकथा आणि दिग्दर्शन, अशी जबाबदारी त्यांनी तीन वेळा घेतली.

ही सगळी नावं टाइप मी करत होतो, कारण माझं शुद्धलेखन बरं. दर नावाला वाटायचं, आता सर म्हणतील, "अरे, तुझंही टाक." ते म्हणायचे, "वेलांट्या नीट बघ रे." मी वेलांट्या बघायचो. फी माफ करून, पुस्तकं देऊन लोकांनी मला शिकवलं. त्यामुळे तोंड उघडून काही मागितलं की उपकार विसरल्यासारखं वाटतं.

ठाण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये पहिला खेळ झाला. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. कारकुनाचा मीपणा गळाला तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. नावं सुरू होताच ते ताठ बसले आणि ओठ हलवत वाचू लागले. दिवे लागले.

"भर्रकन गेलं का रे? मला सापडलं नाही."

"नव्हतंच, अण्णा. कुणाचीच नावं घालायची नाहीत असं ठरलं होतं."

अण्णा कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. "मग ही कुणाची होती?"

तेवढ्यात सर आले. मी ओळख करून दिली. सरांनी अण्णांचे हात हातात घेतले. "काका, या सिनेमाचा अर्थ फक्त तुमच्या मुलाला कळला. त्याने एकट्याने 'मी' सोडला."

"सोडला नाही साहेब," अण्णा नम्रपणे म्हणाले, "तुमच्याकडून राहिला."

सरांनी हात सोडले. इंटरनेटवर टाकायच्या प्रतीत नाव घालू, म्हणाले.

"कधी?"

"बघू, होईल लवकरच."

"मग तोवर मी राहतो इथं."

आणि ते खरंच राहिले, कळव्याच्या माझ्या खोलीत. रोज सकाळचा चहा झाला की मला सरांना फोन लावायला लावायचे. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं. अखेर सरांनी आम्हाला एडिटरकडे पाठवलं. त्याने कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. मी 'संवाद' लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव, मधे अण्णांचं.

अण्णा वाकून वाचत होते. मधल्या नावापाशी त्यांचे ओठ थांबले, मग आडनावापर्यंत गेले.

"थोडं मोठं कर," ते म्हणाले.

"काका, मग बाकीच्यांपेक्षा मोठं दिसेल," एडिटर म्हणाला.

"दिसू दे," मी म्हणालो.