आडवाटेचे साडू

आमच्या थोरल्या साडूंना उभ्या आयुष्यात एकही सरळ रस्ता पटलेला नाही. नाशिकहून सिन्नरला जायला सरकारने एवढा रुंद रस्ता बांधला, हा त्यांच्या मते सरकारचा भोळेपणा. गावाबाहेर त्यांचा फुलांचा मळा आहे. सकाळी गुलाबाच्या जुड्या भरून त्यांची पिकअप बाजाराकडे निघते ती कुणाच्या तरी द्राक्षबागेच्या बांधावरून, कुणाच्या खळ्यातून, आणि एकदा तर कुणाच्या हळदीच्या मांडवातून. "हायवेनं कुणीबी जातं," हे त्यांचं ठाम मत. सिन्नरच्या एका साखरपुड्याला त्यांनी आम्हाला असंच जवळच्या वाटेने नेलं. पोचलो तेव्हा आचारी पातेली घासत होते. तुम्ही अंतर बघा, वेळ काय बघता, असं वर आम्हालाच सुनावलं. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, मागच्या सीटवर शांतपणे डबा उघडून बसली होती. संसाराचा अनुभव दांडगा, त्यामुळे ती घरून पोळ्या घेऊनच निघते.

गेल्या वर्षी साडूंना समोरून एकाऐवजी दोन टेम्पो येताना दिसू लागले. चूक अर्थातच टेम्पोवाल्याची. मग उजवा डोळा किंचित पुढे आल्यासारखा वाटू लागला, तर ती म्हणे धूळ. लाल गुलाब विटकरी दिसायला लागले तेव्हा त्यांनी कलमं देणाऱ्या नर्सरीवाल्याशी कडाक्याचं भांडण काढलं. शेवटी ताईने त्यांना माझ्या गाडीत कोंबलं आणि दवाखान्यात आणलं. स्कॅनमध्ये डोळ्यामागे गाठ निघाली. ती नजरेच्या शिरेवर दाब देत होती. काढली नाही तर डोळा जाणार, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

पहिले डॉक्टर बाहेरून हाड उघडून आत जाऊ म्हणाले, तसे साडू उठून चालायला लागले. दुसरीकडे कान-नाक-घशाच्या एक तरुण डॉक्टर बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, दुर्बीण नाकातून घालू, आतलं पातळ हाड काढू आणि गाठीपर्यंत पोचू. चेहऱ्यावर टाकासुद्धा दिसणार नाही. आमच्या नात्यात वैद्यकीय सल्ल्याचा दुष्काळ कधीच नव्हता. दुखणं डोळ्याला आणि हत्यार नाकात, म्हणजे शुद्ध फसवणूक, असा निकाल चहा संपायच्या आत लागला. साडूंचा चेहरा मात्र खुलला. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पंथाचं माणूस भेटलं होतं. त्यांनी बाईंना एकेक वळण विचारून घेतलं, कुठे अरुंद, कुठे उतार. मग आवाज खाली आला.

"आत गेल्यावर मागं वळायला जागा हाय ना, मॅडम?"

बाई हसल्या नाहीत. "धोका वाटला तर परत फिरू, काका. पण मग गाठ तशीच राहील."

साडूंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांना चपला सापडेनात. समोरच होत्या. ताईने खाली वाकून त्या त्यांच्या पायापाशी सरकवल्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी साडू नाकात बोळे घालून बसले होते. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, ही बंधनं म्हणजे दवाखान्याचा कट आहे, असं तोंडाने श्वास घेत घेत सगळ्या वॉर्डला सांगत होते. बाई आल्या. त्यांनी साडूंचा डावा डोळा हाताने झाकला आणि काय दिसतं ते विचारलं. समोर ताई उभी होती. साडू बघत राहिले.

"केस कधी पिकले गं तुझे एवढे?"

ताईने पदर तोंडाला लावला. "झाली की बरीच वर्षं," ती म्हणाली, "तुमचं लक्ष रस्त्यावर होतं."

बाईंनी हात काढला तरी साडूंनी स्वतःच्या तळव्याने डावा डोळा पुन्हा झाकून घेतला आणि ते ताईकडे बघत राहिले. आम्ही बाकीचे हळूच बाहेर आलो.